वाडग्याच्या तळाचं सातवं नाव

चाळीस वर्षं मी लोकांची नावं कोरली, आणि त्यातली निम्मी तरी मला वाचता येत नव्हती. हे मी गमतीने बोलून गेलो आणि फसलो. समोर आमच्या इथल्या, बहरीनच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक बसले होते. एरवी ते बँकेत ऑडिटर आहेत, त्यामुळे माणसाच्या तोंडून निसटलेलं वाक्य सोडायचं नाही ही त्यांची सवय. म्हणाले, "दाऊदभाई, हेच लिहा. अंकात पाककृती आणि प्रवासवर्णनं दरवर्षी असतातच." मी म्हटलं, मी म्हसळ्याचा कोकणी मुसलमान, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, माझं मराठी तुमच्या अंकाला झेपेल का? ते म्हणाले, शुद्धलेखन आम्ही बघू. तेव्हा चुका दिसल्या तर त्यांच्या धरा.

आधी धंदा सांगतो. मीना सलमान बंदरात, गोदामांच्या मागच्या रांगेत, आमचं वर्कशॉप होतं. जहाजांच्या इंजिनांवरच्या पितळी पाट्या, ऑफिसांच्या दारावरची नावं, शाळांचे कप, सोन्याच्या अंगठ्या, चांदीच्या पेट्या, ज्यावर म्हणून नाव घालता येतं ते सगळं आम्ही करायचो. हत्यार एकच. बोटभर पोलादी कलम, त्याला गोल लाकडी मूठ, ती तळहातात बसवायची. वस्तू गरम राळेत घट्ट बसवायची. नवीन माणसाला वाटतं की कलम फिरवायचं असतं. तसं नाही. कलम सरळ पुढे जातं, फिरवायची ती वस्तू. डावा हात नाव लिहितो आणि उजव्याला श्रेय मिळतं.

माझे उस्ताद रत्नागिरीकडचे. आता नाहीत. त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्यावर काजळ चोळून पातळ कागदावर छाप उतरवून ठेव. दुसरी, गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढंच कर. आणि तिसरी, वस्तू आली त्यापेक्षा चकचकीत होऊन परत गेली पाहिजे. पहिल्या दोन मी बऱ्यापैकी पाळल्या. तिसरी मात्र अंगात भिनली. माझ्या हातून काळी पडलेली चांदी तशीच परत गेली असं कधी झालं नाही, आणि ह्याचा मला फार अभिमान होता. पुढे सांगणार आहे त्या प्रकरणाचं मूळ ह्या अभिमानातच आहे.

उस्तादांची एक करामत सांगतो. एकदा एक ऐटबाज माणूस घड्याळ घेऊन आला. मागच्या झाकणावर नाव घालायचं होतं. झाकण आरशासारखं गुळगुळीत. उस्तादांनी ते तोंडाजवळ नेलं आणि 'हाऽ' करून त्यावर वाफ सोडली. झाकण धुरकटलं आणि त्या धुरकटपणात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव अलगद वर आलं. दोन क्षण थांबलं आणि गेलं. उस्ताद शांतपणे म्हणाले, "ह्यावर नाव आहे. ज्याचं आहे त्याला घेऊन या." तो माणूस परत दिसला नाही. मी हादरलो होतो. उस्ताद म्हणाले, नाव घासून जातं ते वरून. आत धातू दबलेला असतो, तो विसरत नाही.

अर्मेनियन गिऱ्हाइकं बहरीनमध्ये थोडीच. बहुतेक लेबनॉन आणि सिरियातून आलेली, चांगली शिकलेली, हिशेबाला चोख आणि हाताच्या कामाची पारख असलेली. पहिला अर्मेनियन मी पाहिला तो पंपांचे सुटे भाग विकणारा हागोप. त्याला दुकानाच्या दारावर पाटी हवी होती, हागोप देमिर्जियान. मी विचारलं, तुमच्या सगळ्यांच्या नावामागे हे 'यान' काय असतं? तो म्हणाला, "म्हणजे अमक्याचा. देमिर्जी म्हणजे लोहार. मी लोहाराचा. तू अर्मेनियन असतास तर कुयुमजियान झाला असतास, सोनाराचा." मग त्याने माझं नाव विचारलं. दाऊद म्हटल्यावर टाळी देऊन म्हणाला, "म्हणजे आमचा तावित! आणि मी हागोप म्हणजे तुमचा याकूब." मला गंमत वाटली. आमच्याकडे 'कर' लावला की माणूस कुठला ते कळतं. ह्यांच्याकडे 'यान' लावला की कुणाचा ते कळतं. गाव कुठलं हे त्यांनी नावातून काढून टाकलं होतं की काय, असं मनात आलं. तेव्हा मला त्यांच्याबद्दल फारसं काही माहीत नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लूसी आली. बंदराजवळच्या एका शिपिंग ऑफिसात ती काम करायची आणि त्यांच्या पाट्या आमच्याकडून जायच्या, म्हणून ओळख. तोवर आमच्या अरबाबने, म्हणजे मालकाने, लेझर मशीन घेतलं होतं. शंभर पाट्या ते जेवणाच्या सुट्टीत उरकायचं. मला ठेवलं होतं ते हाताच्या कामासाठी आणि बहुधा शोभेसाठी. ऑगस्ट महिना होता. लूसीला नववा लागलेला. तिच्यासोबत तिची आजी होती, ऐंशीला टेकलेली, काळ्या झग्यात, हातात भरतकाम केलेल्या कापडाचं गाठोडं.

आजींनी माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या माझ्या कामाकडे आधी बघितलं. मग अरबीत विचारलं, "नाव काय तुझं?"

"दाऊद, खाला."

"तावित," त्या म्हणाल्या. "लोखंड मऊ करणारा. बरं आहे." आमच्या दाऊद पैगंबरांच्या हातात लोखंड मेणासारखं व्हायचं, ही गोष्ट ह्या ख्रिस्ती बाईला सिरियातल्या अलेप्पोत शेजाऱ्यांकडून माहीत झालेली. चार शब्दांत त्यांनी मला खिशात टाकलं.

त्यांचं नाव अराक्सी. गाठोड्यातून निघाला तो चांदीचा वाडगा, आपल्या दहीभाताच्या वाडग्याएवढा. आतून बाहेरून काळाठिक्कर. बाहेरच्या काठावर मात्र सहा शब्द सुरेख कोरलेले. अशी अक्षरं मी कधी पाहिली नव्हती. एकेक अक्षर खुंटीसारखं सुटं उभं, कुणी कुणाच्या हातात हात घातलेला नाही.

"ही नावं आहेत," अराक्सी खाला म्हणाल्या आणि काठ फिरवत एकेकावर बोट ठेवलं. "खाचादूर, म्हणजे क्रुसाने दिलेला. वार्तुही, गुलाबबाई. अराक्सी, आमच्या मुलखातली नदी, ती मी. हांबार्तसूम, वर स्वर्गात गेलेला. आनुश, गोड. आर्शालुइस, पहाट."

"ती मी," लूसी हसून म्हणाली. "ऑफिसात कुणाला म्हणता येत नाही म्हणून लूसी."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तीन वर्षं मी पहाटेला लूसी म्हणत होतो.

मग खाला म्हणाल्या, "पहाटेला मूल होणार आहे. त्याचं नाव इथे सातवं यायचं आहे. अजून सांगणार नाही. मूल आलं की मी स्वतः येईन आणि दाखवीन. तोवर ह्या अक्षरांवर हात बसव. बाकी काही करू नको, तावित. फक्त बघ."

फक्त बघ. एवढं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं, आणि तेच मला जमलं नाही.

आठवडाभर मी पितळेच्या पत्र्यावर ती अक्षरं गिरवली. हात बसला. मग एका सकाळी काम कमी होतं, आणि तो काळा वाडगा समोर. इतकं देखणं काम आणि इतकी काजळी. मी म्हटलं, म्हातारीला खूश करू. पॉलिशच्या बफच्या चाकावर धरला आणि आतून बाहेरून उजळून काढला. तळाशी ओरखडे होते, भरपूर. जुन्या वाडग्याच्या तळाला चमच्यांचे ओरखडे असतातच. भिंग लावलं नाही. छाप घेतली नाही, कारण कामच अजून सुरू झालं नव्हतं ना. ओरखडे काढायला लाल मेण लावून दोनदा चाक फिरवलं. तळ असा चमकला की त्यात मला माझी दाढी दिसली. मी खूश होतो हो. लेझर मशीनसमोर नेऊन धरला आणि म्हटलं, हे करून दाखव.

गुरुवारी आजी आणि नात माझा हात बसला का बघायला आल्या. मी ऐटीत वाडगा पुढे केला. लूसी "वाऽ" म्हणाली. अराक्सी खालांना डोळ्यांनी कमी दिसायचं. त्यांनी वाडगा दोन्ही हातांत घेतला आणि उजवा अंगठा आत तळाला टेकवला. अंगठा सरकला. परत मागे आणला, परत सरकवला. चुकून भलत्याच घरात शिरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

"कुठे गेली?" त्यांनी विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "तावित, आतली कुठे गेली?"

मग मला कळलं की ते ओरखडे नव्हते.

लूसीने आजीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि तुकड्या-तुकड्यांनी मला सगळं सांगितलं. मध्ये मध्ये खाला बोलायच्या. शंभरएक वर्षांपूर्वी तुर्कांच्या मुलखातून ह्यांच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून वाळवंटाकडे हाकललं, तेव्हा खालांचे वडील सात वर्षांचे होते. आईबाप गेले, भावंडं एकेक करून वाटेत गेली. शेवटी हा मुलगा आणि पाठीवरचा धाकटा भाऊ राहिला. भाऊ पाणी मागत होता. मुलाने त्याला एका दगडाच्या सावलीत ठेवलं आणि हाच वाडगा घेऊन पाणी शोधायला गेला. पाणी मिळालं. परत आला तर दगड होता, भाऊ नव्हता. तो हाका मारत बसला. संध्याकाळपर्यंत हाका मारल्या. अलेप्पोच्या अनाथाश्रमात त्याला नाव विचारलं, तर त्याने सांगितलं नाही. तिथल्या बाईंनी त्याचं नाव ठेवलं मनात्सागान. म्हणजे उरलेला. हे नाव अर्मेनियन लोकांत पूर्वीपासून आहे. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं ठेवायचे.

आमच्या गावात माझ्याबरोबर शाळेत धोंडू होता, दगडू होता. त्यांच्या आयांनी आधीची दोन-तीन पोरं मातीत ठेवली होती, म्हणून ह्यांना दगडधोंड्याची नावं. आम्ही त्यांना चिडवायचो. कुठे म्हसळा, कुठे खालांचा डोंगरी मुलूख, पण आईची भीती दोन्हीकडे एकाच वाटेने नावात शिरली होती.

तर ह्या उरलेल्या मुलाने आश्रमात अक्षरं शिकल्यावर पहिलं काम काय केलं, तर खिळा घेऊन वाडग्याच्या तळाला सातही भावंडांची नावं ओढली. म्हणाला, मी विसरेन म्हणून. पुढे त्याचा संसार झाला, पोरं झाली, नातवंडं-पतवंडं झाली. जन्मलेल्या मुलाला तळातलं एक नाव द्यायचं आणि मग ते वर काठावर सोनाराकडून कोरून घ्यायचं. अशी सहा नावं तळातून वर आली. सातवं त्या धाकट्याचं. ते वडिलांनी कधी उच्चारलं नाही आणि घरात कुणाला उच्चारू दिलं नाही. अराक्सी खालांना अक्षरं आली तेव्हा त्यांनी तळ दाखवला आणि म्हणाले, मनात वाच. ह्या नावाने हाक मारायची आणि ओ द्यायला कुणी नाही, असं पुन्हा व्हायला नको. ओ देणारा येईल तेव्हाच हाक मारा.

"मग खालांना माहीत आहे ना ते?" मी घाईघाईने विचारलं.

लूसीचे डोळे भरून आले. "अंकल, हल्ली आजी विसरते. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. म्हणून तर रोज अंगठ्याने वाचायची. मला ती अक्षरं येत नाहीत, मी इंग्लिश शाळेत शिकले. फोटो काढायचं कधी सुचलंच नाही. ते तिथे होतंच ना."

खाला बोटं मोजत होत्या. खाचादूर, वार्तुही, अराक्सी, हांबार्तसूम, आनुश, आर्शालुइस. सातवं बोट धरून ठेवलं. ओठ हलले, आणि काही आलं नाही. परत पहिल्या बोटापासून सुरू. तीनदा. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. बाईंनी मला एक शिवी दिली असती तर मी त्यांचे उपकार मानले असते.

"वाडगा राहू दे माझ्याकडे," मी म्हटलं. "मी बघतो."

"इंशाल्ला," खाला म्हणाल्या, आणि नातीचा हात धरून गेल्या.

दोन दिवस मी सगळे उपाय केले. भिंग लावलं, तिरपा दिवा धरला, काजळ चोळून छाप घेतली. आता घेतली! छापेवर काही नाही. माझंच काम, इतकं सफाईदार की मला शिव्या घालायलाही जागा नव्हती. उस्तादांची वाफेची करामत आठवली, ती केली. पण ऑगस्टातलं मीना सलमान, पत्र्याचं छप्पर, वाडगा हातात धरवत नव्हता इतका तापलेला. वाफ बसतच नव्हती. वीस वेळा हाऽ केलं आणि मलाच चक्कर आली. मी ठरवलं, गेलं. ज्या माणसाचा भाऊ वाळवंटात हरवला त्याने वाचवून ठेवलेलं नाव मी मेण लावून पुसलं.

सनद भागातल्या आमच्या घरी मी ताटासमोर नुसता बसून राहायचो. जेवण उतरेना. जैनबने, माझ्या बायकोने, एक दिवस वाट बघितली आणि मग ताट पुढून उचललं. "काय झाला तुमाना, सांगा आदी. मग जेवा."

सांगितलं. तिने ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "त्यांच्या घरी जावा न् वाडगा हातात द्या. दुकानात बोलावू नका त्यांना. चूक तुमची हाय, पाय तुमचे झिजूदे."

विमानतळाजवळच्या अरादला, खाडीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. डोक्यावरून विमानं जातात, बोलणं मध्येच थांबवावं लागतं. लूसीने दार उघडलं. तिचे दिवस भरत आले होते, चालताना धाप लागत होती. आतली खोली बर्फासारखी गार. खालांना उकाडा सोसवायचा नाही म्हणून एसी दिवसभर सोळावर. मी वाडगा टीपॉयवर ठेवला आणि तोंड उघडलं, पण आधी कॉफी आली. त्यांच्याकडे कॉफी संपेपर्यंत कामाचं बोलत नाहीत. मग पहिली संपली तशी दुसरी आली. मला वाटतं, तासभर तरी मी त्या वाडग्याशेजारी शिक्षा झालेल्या पोरासारखा बसलो होतो.

शेवटी मी म्हटलं, "खाला, मला जमलं नाही. तुम्ही नुसतं बघ म्हटलं होतं. मी घमेंडीत हात लावला. ज्यांनी तुमच्या माणसांना हाकललं तेही स्वतःला माझ्याच धर्माचे म्हणवत होते, आणि आता हे उरलेलंही माझ्याच हातून गेलं. माफ करा म्हणायलाही तोंड नाही."

खालांनी मान हलवली. "अलेप्पोत दार उघडणारेही तुझ्याच धर्माचे होते. उगाच सगळ्यांचं ओझं उचलू नको, तावित. तुझं तेवढं उचल." आणि त्यांनी वाडगा घेतला, तोंडाजवळ नेला आणि रोज करत असतील तसा आत तळाला ओठ टेकवून मुका घेतला.

मी समोरच बसलो होतो. त्यांनी वाडगा खाली आणला तेव्हा तळाला धुकं होतं, आणि त्या धुक्यात रेघा होत्या.

"हलू नका!" मी मराठीतच ओरडलो. दोघी दचकल्या. रेघा विरल्या. मी वाडगा हातात घेतला. थंडगार. तासभर एसीखाली पडून गार झालेला. गरम चांदीवर न बसणारी वाफ थंड चांदीवर बसली होती. इतकी साधी गोष्ट, आणि आयुष्यभर धातूशी खेळलेल्या मला ती सुचली नव्हती.

"खाला, पुन्हा. मुका नको. हाऽ करा, हळू, लांब."

त्यांनी केलं. तळाच्या कडेने गोल फिरत गेलेल्या ओळी वर आल्या, वाकड्यातिकड्या, लहान मुलाच्या हाताच्या. काही अक्षरं मोठी, काही दाबून बसवलेली. सहा नावं मी काठावरून ओळखली, हात बसलेला होता. आणि सगळ्यांच्या मध्ये, तळाच्या ठीक मधोमध, एकटा चार अक्षरी शब्द. पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखं. मी खिशातली रेघा मारायची सुई काढली. पहिल्या अक्षराची उभी रेघ ओढतोय तोच सगळं पुसलं गेलं.

"पुन्हा, खाला."

एका श्वासात तीन-चार रेघा मिळायच्या. सुई बरोबर त्या खिळ्याच्या वाटेने न्यायची, जरा इकडे नाही की तिकडे नाही. आठ-दहा श्वासांनी खाला दमल्या, छातीवर हात ठेवून मागे टेकल्या. मला दमा आहे, त्यामुळे माझ्या श्वासाचा भरवसा नाही. मग लूसी पोट सांभाळत खाली गालिच्यावर बसली, वाडगा माझ्या मांडीवर, आणि तिने हाऽ केलं. तिच्या एका श्वासात अख्खं शेवटचं अक्षर उभं राहिलं. मी नंतर पुष्कळदा विचार केला. पोटातल्याला हवा आईकडूनच मिळते. म्हणजे तो श्वास दोघांचा होता. ह्यापलीकडे मला त्याबद्दल काही सांगता येत नाही. मी पाच वेळचा नमाजी माणूस आहे, पण त्या गालिच्यावर मला जे वाटलं तसं फार कमी वेळा वाटलंय.

सुईने ओढलेली चार अक्षरं झाल्यावर मी वाडगा खालांच्या हातात दिला. अंगठा आत गेला, मधोमध थांबला आणि सावकाश सरकला. एक, दोन, तीन, चार. मग त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला. मला आधी वाटलं रडू आवरतायत. पण नाही. नाव बाहेर पडू नये म्हणून त्यांनी तोंड धरलं होतं. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या.

वाडगा मी पुन्हा मीना सलमानला आणला आणि ती अक्षरं कलमाने खोल केली. इथे एक कबुली देतो. आयुष्यभर मी सुबक अक्षरांचा भोक्ता. पण ही चार मी मुद्दाम जशीच्या तशी वाकडी कोरली. जिथे त्या पोराचा खिळा घसरला होता तिथे माझं कलम घसरवलं. सरळ कोरण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं. शेजारच्या सहा नावांवरही, एक बर्फाची पिशवी वाडग्याखाली ठेवून, तसंच काम केलं. आणि पॉलिश केलं नाही. काळेपणा चांदीला आपोआप येईल, त्याला वेळ दिला पाहिजे.

पंधरा दिवसांनी मुलगा झाला. पाळण्यातच पडून होता, पण नाव नाही. त्यांचे पाद्री परदेशातून सवडीने येतात. ऑक्टोबर उजाडला. मला आणि जैनबला बोलावणं आलं. चर्चमध्ये मी ह्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मागच्या बाकावर आम्ही अंग चोरून बसलो. वीसएक माणसं असतील. पुढे पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ, गाढ झोपलेलं. वाडग्यात पाणी. तोवर अराक्सी खाला पुष्कळ विसरल्या होत्या. दारात मला ओळखलं नाही, कोण आपण म्हणाल्या. पण वाडगा त्यांच्याच हातात होता आणि त्यांचा अंगठा पाण्यात, तळाशी.

पाद्रींनी विचारलं, बाळाचं नाव काय. सगळे खालांकडे बघू लागले. लूसी आजीच्या तोंडाकडे बघत होती, आणि मला तिची भीती कळत होती. खालांचा अंगठा पाण्यात हलला. एक, दोन, तीन, चार. मग त्या पुढ्यातल्या बाळाला नाही, लांब कुणाला तरी हाक मारावी तशा, मोठ्याने ओरडल्या.

"न्शान!"

ज्या अक्षरांची वळणं मी सुईच्या टोकाने शिकलो होतो, त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही. निशाण, निशाणी, खूण. आपल्याकडे फारसीतून आला आहे तोच शब्द, त्यांच्याकडेही तिकडूनच गेलेला, हे मला लूसीने पुढे सांगितलं. मी जे घासून टाकलं होतं त्याचं नाव खूण होतं. जैनबने माझे हात आपल्या हातात घेतले.

त्या आरोळीने बाळ दचकून जागं झालं आणि असं काही भोकाड पसरलं की पाद्रीसुद्धा दोन पावलं मागे सरकले. सगळे हसले. खाला हसल्या नाहीत. त्या कान देऊन ऐकत होत्या, मान किंचित वाकडी करून, लांबून येणारा आवाज ओळखीचा आहे का हे बघावं तशा. मग त्यांनी ओला हात बाळाच्या कपाळावर ठेवला आणि मागे वळून, त्या चर्चमध्ये नसलेल्या कुणाला तरी, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, ओ दिली त्याने."